पाल्मातला व्हिला : भाडं घराचं, किंमत परवान्याची



व्हिला, फार्महाऊस, होमस्टे हा विषय काढला की तुमच्या प्रश्नांचा पाऊस पडतो. पूल केवढा ठेवायचा, इंटिरियरवर किती घालायचे, रील कोणाकडून बनवून घ्यायची. परवानगीचा प्रश्न आलाच तर सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही "काही लागतं का हो?" अशा सुरात. म्हणून या वेळच्या व्हिडिओसाठी मी मुद्दाम असं शहर निवडलं, जिथे हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. स्पेनच्या मायोर्का बेटावरचं पाल्मा. व्हिडिओत आकडे भराभर पळाले, इथे जरा सावकाश बघू.

मी दुकानदार माणूस, टूर कंपनी चालवत नाही. त्यामुळे पाल्मातला व्हिलाही मी दुकानाच्याच नजरेने बघणार. माल काय आहे, भाव कसा ठरतो, बिलात काय काय लागतं आणि पैसे कुठे अडकतात. तुम्हाला तिथे सुट्टीला जायचं असो किंवा इथे स्वतःचा धंदा उभा करायचा असो, दोन्हीकडे हे उपयोगी पडेल.

आधी बाजार समजून घ्या

मायोर्का हे भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांपैकी सगळ्यात मोठं बेट आणि पाल्मा ही त्या सगळ्या बेटांची राजधानी. चार लाखांपेक्षा जास्त वस्तीचं खरंखुरं शहर आहे. नुसतं रिसॉर्ट नाही. समुद्राला लागून ला सेऊ नावाचं प्रचंड कॅथेड्रल आहे. १९०४ ते १९१४ या काळात अंतोनी गाउदीने त्याच्या आतल्या भागात काम केलं. डोंगराकडे बघितलं की बेल्व्हरचा गोल किल्ला दिसतो. वायव्येला त्रामुंताना डोंगररांग आहे, तिला २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला. १९१२ पासून चालणारी लाकडी डब्यांची छोटी रेल्वे पाल्मातून डोंगर ओलांडून सोयेर गावाला जाते.

आता गिऱ्हाईक किती? पाल्माच्या विमानतळावरून २०२४ मध्ये ३ कोटी ३० लाखांहून जास्त प्रवाशांची ये-जा झाली. येणारे आणि जाणारे दोन्ही धरून हा आकडा आहे, तरी चार लाखांच्या शहरासाठी तो केवढा मोठा आहे याचा विचार करा. मुख्य गिऱ्हाईक जर्मन आणि ब्रिटिश. दोन-अडीच तासांचं विमान, ऊन, समुद्र. वर्षानुवर्षं ठरलेलं.

इतकी मागणी असलेल्या ठिकाणी तुम्ही-आम्ही काय करू? हाताशी असलेला प्रत्येक फ्लॅट भाड्याने लावू. पाल्मातही लोकांनी तेच केलं. आणि तिथूनच पुढची गोष्ट सुरू होते.

माल कमी का पडला?

फ्लॅट पर्यटकांना लावला की महिन्याच्या भाडेकरूपेक्षा जास्त पैसे सुटतात. मग मालक महिन्याचा भाडेकरू कशाला ठेवेल? नर्स, शिक्षक, हॉटेलात काम करणारी मुलं यांना शहरात राहायला परवडेनासं झालं. एकाच जिन्यात खाली आजी राहते आणि वर दर आठवड्याला नवे लोक बॅगा ओढत येतात, असं चालू झालं.

२०१८ मध्ये पाल्मा महापालिकेने निर्णय घेतला. अनेक कुटुंबं राहतात अशा इमारतींमधले फ्लॅट पर्यटकांना भाड्याने देता येणार नाहीत. परवानगी फक्त स्वतंत्र घरांना, आणि त्यातही संरक्षित ग्रामीण जमिनीवरची घरं वगळून. प्रकरण कोर्टात गेलं. २०२१ मध्ये बेटांच्या उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, पण २०२३ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्याआधी २०२२ मध्ये बालेआरिक सरकारने नव्या पर्यटक-जागांनाच स्थगिती दिली होती.

याचा धंद्याच्या भाषेत अर्थ काय? मागणी वाढतेय आणि पुरवठ्यावर झाकण बसलंय. जुन्या शहरातल्या सुंदर वाड्यात, दगडी चौकाच्या बाजूला, एखादा फ्लॅट आठवड्याच्या भाड्याने दिसला तर आधी शंका घ्या. आणि सोन विदा, जेनोव्हा अशा डोंगरउतारावरच्या भागात परवाना असलेला स्वतंत्र व्हिला असेल, तर त्याच्या मालकाकडे अशी गोष्ट आहे जी शेजारी उद्या कितीही पैसे ओतून तयार करू शकत नाही. शेजारी मोठा पूल बांधेल, महागडा सोफा आणेल. परवाना कुठून आणणार?

म्हणून मी म्हणतो, तिथे भाडं घराचं लागतं, पण किंमत परवान्याची असते.

ईटीव्ही म्हणजे चॅनल नव्हे

आपल्याला ईटीव्ही म्हटलं की जुनं मराठी चॅनल आठवतं. मायोर्कात बऱ्याच पर्यटक-घरांच्या परवाना क्रमांकाची सुरुवात याच अक्षरांनी होते. हा क्रमांक जाहिरातीत लिहावा लागतो. परवान्यावर किती माणसांची सोय मंजूर आहे तेही असतं. बेटाचा कारभार बघणारी कौन्सिल पर्यटन खातं सांभाळते आणि नोंदणीची यादी लोकांसाठी खुली आहे. म्हणजे जाहिरातीतला क्रमांक खरा आहे का, पत्ता तोच आहे का, हे घरी बसून ताडून बघता येतं.

नियम कागदावरच राहिलेत असं समजू नका. बेटांच्या २०१७ च्या कायद्याने बेकायदा भाड्याने देणाऱ्याला २०,००१ ते ४०,००० युरो दंड ठेवला. मे २०२५ मध्ये स्पेनच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने एअरबीएनबीला देशभरातल्या ६५ हजारांहून जास्त जाहिराती काढायला सांगितलं. कुठे परवाना क्रमांक नव्हता, कुठे चुकीचा होता, तर कुठे मालक व्यावसायिक आहे की खासगी हे लिहिलेलं नव्हतं.

दंड मालकाला बसतो हे खरं. पण जाहिरात उडाली तर तुमचं बुकिंगही उडतं. समजा पुण्यातल्या तीन कुटुंबांनी मिळून जुलैचा व्हिला घेतला, विमानाची तिकिटं काढली, शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा म्हणून तेच बुकिंग जोडलं. आता जून महिन्यात ते रद्द झालं तर? त्या वेळी दहा माणसांना एकत्र जागा मिळणं फार अवघड, आणि मिळाली तर अव्वाच्या सव्वा. पैसे परत मिळतीलही, सुट्टी परत मिळत नाही.

बिल नीट वाचा

आता आकडे. पुढचे भाड्याचे आकडे मी फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेत, बाजारभाव म्हणून लिहून घेऊ नका. कराचा दर मात्र खरा आहे.

समजा दहा जणांचा व्हिला आहे. आठ मोठे, दोन मुलं सोळा वर्षांच्या आतली. सात रात्रींचं भाडं ४,२०० युरो. भागिले दहा, भागिले सात. माणशी रात्रीला ६० युरो. जाहिरात बघून आपण इथेच थांबतो आणि म्हणतो, "अरे, हॉटेलपेक्षा स्वस्त!"

पुढे बघा. शेवटच्या दिवसाची सफाई वेगळी, धरा २५० युरो. एप्रिल-मेमध्ये समुद्र आणि पूल दोन्हीचं पाणी गार असतं, म्हणून पूल गरम करायचे वेगळे पैसे, धरा ३०० युरो. मग पर्यटन कर. हा कर बेटांवर २०१६ मध्ये सुरू झाला आणि २०१८ मध्ये दुप्पट झाला. त्या दरपत्रकात पर्यटक-घरासाठी मे ते ऑक्टोबर माणशी रात्रीला २ युरो आहे, वर १० टक्के व्हॅट. सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे ८ माणसं गुणिले ७ रात्री गुणिले २ युरो, ११२ युरो. व्हॅट धरून १२३ युरो २० सेंट.

सगळं मिळून ४,८७३ युरो. माणशी रात्रीला जवळजवळ ७० युरो. साठचे सत्तर झाले, आणि यात अजून भाड्याची गाडी नाही, प्लॅटफॉर्मची फी नाही, कुठे कुठे एसीची वीज वेगळी लावतात ती नाही. शिवाय डिपॉझिट. ते परत मिळतं, पण तोपर्यंत तुमच्या कार्डवर तेवढी रक्कम अडकून राहते. क्रेडिट कार्डची मर्यादा तिथेच संपली तर गाडी भाड्याने घेताना पंचाईत होते.

हाच कर नोव्हेंबर ते एप्रिल ७५ टक्के कमी लागतो. वरच्याच हिशोबात १२३ ऐवजी ३० युरो ८० सेंट. सरकारसुद्धा दर लावून सांगतंय, बाबांनो, गर्दीत येऊ नका, मोकळ्या महिन्यांत या. फेब्रुवारीत बेटावर बदामाला बहर येतो, वसंतात सायकलवाले येतात. पोहायला नव्हे तर फिरायला जायचं असेल, तर तेव्हा भाडंही खाली असतं.

ज्यांना स्वतःचा व्हिला चालवायचाय, त्यांनी हेच उलट्या बाजूने बघा. जाहिरातीत एक भाव आणि शेवटी दुसराच भाव दाखवला की गिऱ्हाईक एकदा पैसे भरतं, पण मनातून उतरतो आपण. माझ्या दुकानात वस्तूवर जो भाव लिहिलाय तोच काउंटरवर लागतो. पॅकिंगचे वेगळे, पिशवीचे वेगळे असं शेवटी सांगितलं तर भांडणच व्हायचं. व्हिलातही सफाई, वीज, डिपॉझिट, सगळं पहिल्याच पानावर लिहा.

शनिवार ते शनिवार का?

जुलै-ऑगस्टमध्ये मायोर्कातले बरेच व्हिले पूर्ण आठवड्यासाठीच मिळतात, आणि पुष्कळ ठिकाणी शनिवार ते शनिवारच. आपल्याला वाटतं, मालक अडून बसलाय. पण त्याचा हिशोब करून बघा.

रिकामी रात्र म्हणजे संध्याकाळी उरलेली कोथिंबीर. उद्या विकता येत नाही. बीबीएला असताना याला नाशवंत माल म्हणून शिकवलं, पण बाजारात बसणाऱ्या मावशींना ते न शिकता कळतं. एखाद्याने बुधवार ते मंगळवार बुकिंग केलं, तर शनिवार ते बुधवार अशा आधीच्या चार रात्री आणि मंगळवारनंतर शनिवारपर्यंतच्या चार रात्री लटकतात. तेवढ्या तुकड्यासाठी लांबून कुटुंब येत नाही. सहा रात्रींच्या भाड्यासाठी आठ रात्री जाऊ शकतात. मे ते ऑक्टोबर म्हणजे जेमतेम २६ आठवडे, त्यातले तेजीचे नऊ. असे दोन-तीन तुकडे पडले तर हंगामाचा नफा गळून जातो.

म्हणून तुम्ही गिऱ्हाईक असाल तर दिवसांवर घासाघीस करण्यापेक्षा महिना बदला. मे महिन्याचा शेवट किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. मालकाचा हात तिथे सैल असतो.

परवाना नाही, मग धंदा नाही का?

हा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. नवीन परवाना मिळत नाही म्हणून पाल्मातला छोटा माणूस हात बांधून बसलेला नाही. एका व्हिलाच्या आधारावर किती जणांचा धंदा चालतो, मोजून बघा.

शनिवारी सकाळी दहाला जुने पाहुणे बाहेर, दुपारी चारला नवे आत. मधे सहा तास. तेवढ्यात पाच बेडरूमच्या चादरी बदलायच्या, स्वयंपाकघर घासायचं, पूल तपासायचा, बाग आवरायची, बंद पडलेला गीझर दुरुस्त करायचा. मालक बहुधा दुसऱ्याच देशात बसलेला असतो. म्हणजे किल्ली देणारा, सफाई करणारा, चादरी धुऊन देणारा, पूलवाला, माळी, प्लंबर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा असे लोक लागतातच. शनिवारी शेकडो घरांत एकाच वेळी हीच धावपळ असते. जो वेळ पाळतो त्याचं काम पक्कं.

स्वागताची टोपली हा आणखी एक धंदा. एन्साइमादा ही गोल वळ्यांची मऊ गोड पाव-मिठाई, सोयेरची संत्री, बेटावरचं ऑलिव्ह तेल, बिनिसालेमची वाइन. पाहुणा दमून येतो, दुकानं बंद झालेली असतात, आणि टेबलावर एवढं असलं की तो मालकाचं नाव विसरत नाही. एक सूचना मराठी मंडळींसाठी. एन्साइमादात पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी असते, त्यामुळे शाकाहारी असाल तर आधीच कळवा. स्वयंपाकघर आपल्या ताब्यात असणं हाच आपल्या लोकांसाठी व्हिलाचा मोठा फायदा. शहरात मेर्कात दे लोलिव्हार नावाचं मोठं मंडईसारखं मार्केट आहे. भाजी तिथून, मसाला आपल्या बॅगेतून.

तर, व्हिला बांधायला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्यांनो, व्हिल्यांची सफाई, चादरींची लाँड्री, पूलची देखभाल यापैकी एक काम पाच मालकांसाठी वेळेवर करून दाखवा. भांडवल थोडं लागतं आणि जोखीम मालकाची असते.

पैसे पाठवण्याआधी

पाल्मात बुकिंग करणार असाल तर एवढं तपासा.

पहिलं, परवाना क्रमांक जाहिरातीत आहे का आणि यादीशी जुळतो का. मंजूर माणसांची संख्या बघा. दहाच्या घरात बारा घुसवू नका.

दुसरं, फोटो इंटरनेटवर शोधून बघा. तेच घर दुसऱ्या नावाने दुसऱ्या बेटावर दिसलं तर विषय संपला. इतरांपेक्षा निम्म्या भावात जुलैचा व्हिला मिळत असेल, तर स्वस्त का आहे याचं उत्तर मिळेपर्यंत पैसे नाहीत.

तिसरं, "प्लॅटफॉर्मवर नको, थेट बँकेत पाठवा, सूट देतो" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे नाही म्हणा. लेखी करार आणि पैसे परत मिळण्याच्या अटी हातात असल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथं, व्हिसा. स्पेनसाठी आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी त्याची फी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. व्हिसा नाकारला गेला तर व्हिलाचे किती पैसे परत मिळणार, हे बुकिंगच्या आधी विचारा. पन्नास टक्के की काहीच नाही, यावर तीन कुटुंबांचं वर्षभराचं सेव्हिंग अवलंबून असतं.

पाचवं, बुकिंग पक्कं झाल्यावर मालकाने सगळ्यांच्या पासपोर्टचे तपशील मागितले तर घाबरू नका. डिसेंबर २०२४ पासून स्पेनमध्ये पाहुण्यांची सविस्तर माहिती सरकारला कळवणं राहण्याची सोय देणाऱ्यांना बंधनकारक झालंय. मात्र पैसे आणि करार होण्याआधीच कोणी पासपोर्टच्या कॉपी मागत असेल तर सावध.

सहावं, लहान मुलं असतील तर पूलला कुंपण आहे का ते विचारा. फोटोत पूल छान दिसतो, कुंपण दिसत नाही.

शेजारी हाही भागीदार

जुलै २०२४ मध्ये पाल्माच्या रस्त्यांवर हजारो लोक मोर्चा घेऊन उतरले होते. त्यांची तक्रार घरांच्या भाड्याबद्दल होती, गर्दीबद्दल होती. पर्यटनावर पोट असलेलं शहर पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर येतं, तेव्हा धंदा करणाऱ्याने कान टवकारायला हवेत. फ्लॅटवाल्यांनी शेजाऱ्यांचा विचार केला नाही, मग शेजाऱ्यांनी मतं देऊन, मोर्चे काढून नियम आणले. आणि ते नियम नीट वागणाऱ्या फ्लॅटमालकालाही तितकेच लागले.

आपल्याकडेही रात्री दोन वाजेपर्यंत स्पीकर लावणाऱ्या व्हिल्यांमुळे गावकरी वैतागलेले तुम्ही पाहिले असतील. गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने देण्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी करावीच लागते, त्यासाठी १९८२ चा कायदा आहे. नियम कडक होत जाणार हे धरूनच चाला. आज सोपं आहे तेव्हा कागद पूर्ण करून ठेवणाऱ्याला उद्या भाव येतो, पाल्माने हेच दाखवलंय.

या आठवड्याचा गृहपाठ. पाल्मातल्या तीन व्हिल्यांच्या जाहिराती उघडा. एका कागदावर चार रकाने करा: परवाना क्रमांक, सगळे खर्च धरून माणशी रात्रीचा भाव, रद्द केल्यास किती पैसे परत, आणि त्या घरावर किती छोटे धंदे चालत असतील. मग तोच कागद तुमच्या गावाजवळच्या तीन व्हिल्यांसाठी भरा. जो रकाना रिकामा राहील, तिथे एकतर धोका आहे किंवा तुमच्यासाठी काम आहे. कोणता आहे ते ओळखलंत की अर्धा बिझनेस प्लॅन तयार झाला समजा.

भेटू पुढच्या भागात. हिशोब लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका.